'कोच ऑफ द इयर' ठरतो तरी कशावर?

एका आईंनी विचारलेला प्रश्न असा : "माझा मुलगा इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला शिकतो. 2024च्या मोसमात तिथले कोच कर्ट सिग्नेटी यांना देशातले सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल कोच म्हणून गौरवलं गेलं. पण त्यांचा संघ विजेता झालाच नाही! शिवाय असे पुरस्कार पाच-सात आहेत म्हणे. मग सर्वोत्तम कोच ठरतो तरी कशावर?"

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत मोठा झालो, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर इथल्या लंबगोल चेंडूच्या खेळाला 'फुटबॉल' म्हणायला जीभच वळेना. पुढे एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात माध्यमांचं आणि आकडेवारीचं काम मिळालं आणि त्यात पंधरा वर्षं गेली. पुरस्कारांना मत देणाऱ्या पत्रकारांसाठी आमच्या कोचची टिपणं मीच तयार करत असे. नंतर स्वतः लिहायला लागलो, तेव्हा मतपत्रिकाही भरल्या. म्हणून दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगतो.

थोडक्यात उत्तर द्यायचं, तर हे पुरस्कार अपेक्षा आणि निकाल यांच्यातलं अंतर मोजतात. संघाकडून लोकांना काय अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय घडलं, यातली तफावत ज्याची सर्वांत मोठी, त्याच्याकडे मतं जातात. कोचिंगचा दर्जा त्या अंतरात असतो, पण तो एकटा नसतो. खेळाडूंची गुणवत्ता, वेळापत्रक, दुखापती, नशीब हे सगळं त्यात मिसळलेलं असतं.

इंडियानाचंच बघा. 2023मध्ये संघाने 12 पैकी 9 सामने गमावले होते. अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त पराभव नावावर असलेलं विद्यापीठ तेच होतं. सिग्नेटी आले ते जेम्स मॅडिसन विद्यापीठातून, आणि तिथले अनेक खेळाडू सोबत घेऊन आले. 18 संघांच्या बिग टेन गटात पत्रकारांनी इंडियानाला 17वा क्रमांक दिला होता. त्या संघाने साखळीतले 12 पैकी 11 सामने जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात एका मोसमात दहा विजय त्याआधी कधीच झाले नव्हते. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी सिग्नेटींना निवडलं, यात नवल काही नाही.

त्या वर्षीचा विजेता संघ ओहायो स्टेट. त्यांचे कोच रायन डे नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मिशिगनकडून 13-10 असे हरले, तेव्हा त्यांना काढून टाका म्हणून आरडाओरडा चालला होता. जानेवारीत त्यांनीच नोत्र दामला हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण बहुतेक पुरस्कारांची मतं डिसेंबरमध्येच, बोल सामने (साखळीनंतर निवडक संघांचे खास सामने) आणि प्लेऑफ (विजेता ठरवणारे बाद फेरीचे सामने) सुरू होण्याआधी पडलेली असतात. तुमच्या प्रश्नातला 'विजेता नसूनही सर्वोत्तम' हा गुंता निम्मा तरी कॅलेंडरमुळे झाला आहे.

पुरस्कार अनेक आहेत हेही खरं. सर्वांत जुना अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचा, 1935 पासूनचा. पहिला मान नॉर्थवेस्टर्नच्या लिन वॉल्डॉर्फ यांना मिळाला. त्यात कोचच कोचना मत देतात, त्यामुळे कोचमंडळींना त्याचं अप्रूप जास्त. फुटबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेचा पुरस्कार 1957 पासून आहे, आता तो एडी रॉबिन्सन यांच्या नावाने देतात. अटलांटाचा बॉबी डॉड करंडक 1976 पासूनचा. त्यात मैदानावरच्या यशासोबत खेळाडूंचा अभ्यास आणि सचोटीही पाहतात. अलाबामाचे गाजलेले कोच पॉल 'बेअर' ब्रायंट यांच्या नावाचा पुरस्कार 1986 पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन देते. ब्रायंट निवृत्तीनंतर महिन्याभरातच, जानेवारी 1983मध्ये हृदयविकाराने गेले, म्हणून हृदयविकारावर काम करणारी संस्था त्यांचं नाव चालवते. हा पुरस्कार बोल सामन्यांनंतर ठरतो. असोसिएटेड प्रेसचा त्या मानाने नवा, 1998 पासूनचा. शिवाय सहायक कोचसाठी 1996 पासून ब्रॉइल्स पुरस्कार आहे. माझ्या मते मोलाचा तोच, कारण खेळाडूच्या पायाची ठेवण आणि हाताची पकड रोज दुरुस्त करणारा माणूस सहायक कोचच असतो.

आता मतपत्रिकेच्या आतली गोष्ट. नोव्हेंबरच्या अखेरीस पत्रकार थकलेला असतो. वरच्या श्रेणीत 130हून जास्त संघ आहेत. त्यातले दहा-पंधरा त्याने नीट पाहिलेले असतात, बाकीच्यांचे निकाल वाचलेले असतात. अशा वेळी माझ्यासारख्या कुणीतरी तयार केलेलं एक पान त्याच्या हाती पडतं. त्या पानावर काय चालतं ते मी अनुभवाने शिकलो : मागच्या वर्षीचे विजय, या वर्षीचे विजय, आणि 'अमुक वर्षांनंतर प्रथमच' हे शब्द. एका वर्षी आमचा संघ 5 विजय, 7 पराभव असा संपला. दोन क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारे खेळाडू, जायबंदी झाले होते, तिसरा पोरगा अठरा वर्षांचा, आणि कोचनी त्याच्यासाठी मोसमाच्या मध्यात सगळा खेळ नव्याने बांधला होता. आठवड्याला चाळीस-पन्नास नव्या चाली शिकवायच्या, त्याला झेपतील अशा बेताने. इतकं सुंदर कोचिंग मी नंतर पाहिलं नाही. त्या वर्षी मी टिपण लिहिलंच नाही, कारण 5-7च्या संघाचं पान कुणी उलटूनही पाहत नाही हे मला ठाऊक होतं. लिहायला हवं होतं, असं आजही वाटतं.

ही पद्धत कुठे तोकडी पडते, ते निक सबन यांच्या कारकिर्दीत लख्ख दिसतं. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदं सात : 2003चं लुइझियाना स्टेटकडे असताना, आणि 2009, 2011, 2012, 2015, 2017, 2020 ही सहा अलाबामात. आधुनिक काळात एवढं कुणीही मिळवलेलं नाही. असोसिएटेड प्रेसचा पुरस्कार त्यांना दोनदाच मिळाला, 2003 आणि 2008मध्ये. 2008मध्ये अलाबामा विजेता नव्हता! आदल्या वर्षी 7-6 असलेला संघ एकदम साखळीत 12-0 झाला, म्हणून मतं पडली. पुढे सहा वेळा ते जिंकले तेव्हा लोकांना त्यात विशेष काही वाटेनासं झालं होतं. अलाबामाने जिंकायचंच असतं, असं ठरून गेलं होतं. ती सवय लावणारा माणूस कोण, हा प्रश्न मतपत्रिकेवर नसतो.

दुसऱ्या टोकाला गस माल्झान यांचं 2013. ऑबर्नचा संघ आदल्या वर्षी 3-9 होता, माल्झान आले आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. असोसिएटेड प्रेसच्या पुरस्कारासह अनेक मोठे पुरस्कार त्यांना मिळाले. तो मोसम मी सामना-सामना पाहिलाय, म्हणून दोन क्षण सांगतो. जॉर्जियाविरुद्ध अर्धं मिनिटही उरलेलं नव्हतं आणि ऑबर्न मागे होता. लांबवर फेकलेला चेंडू जॉर्जियाच्याच बचावपटूच्या हाताला लागून उडाला आणि ऑबर्नच्या खेळाडूच्या हातात पडला. टचडाउन (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेणं), 73 यार्डांचा. दोन आठवड्यांनी, 30 नोव्हेंबरला, अलाबामाविरुद्ध बरोबरी असताना शेवटच्या एका सेकंदात अलाबामाने फील्ड गोलचा, म्हणजे किक मारून चेंडू गोलखांबांमधून पाठवण्याचा, प्रयत्न केला. किक कमी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने गोलखांबांखाली चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पार करून टचडाउन केला. हे दोन चेंडू जरा इकडेतिकडे उडाले असते, तर माल्झान यांचा संघ बऱ्यापैकी चांगला म्हणून विसरला गेला असता. अंतिम सामना ते फ्लोरिडा स्टेटकडून 34-31 असे हरले, निर्णायक टचडाउन झाला तेव्हा घड्याळात 13 सेकंद होते. पुढच्या वर्षी ऑबर्न 8-5, त्याच्या पुढच्या वर्षी 7-6.

म्हणून इथे 'पुरस्कार मिळाला की कोचला साडेसाती लागते' अशा अर्थाचं बोललं जातं. स्कॉट फ्रॉस्ट यांचं उदाहरण हमखास देतात. 2015मध्ये 0-12 असलेला सेंट्रल फ्लोरिडाचा संघ त्यांनी 2017मध्ये 13-0 केला आणि पुरस्कार मिळवले. मग ते नेब्रास्काला गेले, तिथे 16 जिंकले, 31 हरले, आणि 2022च्या सप्टेंबरमध्ये नोकरी गेली. साडेसाती वगैरे काही नसते. ज्या वर्षी कौशल्य आणि नशीब दोन्ही एकाच बाजूने उभे राहिले, नेमकं तेच वर्ष निवडलं जातं. पुढच्या वर्षी नशीब आपल्या जागी परत येतं. एका टचडाउनच्या फरकाने सुटणारे सामने कुठलाही कोच वर्षानुवर्षं सारखे जिंकत राहत नाही. आकडेवारीचं काम करताना मी सर्वांत आधी तेच मोजायचो : या 11 विजयांतले किती निसटते? चेंडू हातातून सुटला तेव्हा किती वेळा आपल्याच माणसाच्या अंगावर पडला? तुमच्या मुलाला आकड्यांची आवड असेल, तर त्याने इथूनच सुरुवात करावी.

आणि कधी कधी पुरस्कार मिळालेलं वर्षच पुसलं जातं. 2012मध्ये नोत्र दामच्या ब्रायन केली यांना साखळीतल्या 12-0साठी गौरवलं गेलं. संघासाठी काम करणाऱ्या एका विद्यार्थी सहायकाने काही खेळाडूंचा अभ्यास करून दिल्याचं पुढे चौकशीत निघालं, आणि एनसीएए या नियामक संस्थेने 2012चे सगळे आणि 2013चे 9, असे 21 विजय रद्द केले. पुरस्कार मात्र यादीत तसाच आहे. केली यांनी स्वतः गैरप्रकार केल्याचं कुणी म्हटलं नाही, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मत देणाऱ्याला मोसमाचा किती भाग दिसत असतो, हे त्यावरून कळतं.

एवढं सगळं सांगूनही मी या पुरस्कारांच्या विरोधात नाही. काही वेळा ते अगदी योग्य माणसाकडे जातात, आणि 2018चा एडी रॉबिन्सन पुरस्कार तसा गेला असं मी छातीठोकपणे सांगेन. बिल क्लार्क हे तेव्हा बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाचे, म्हणजे यूएबीचे कोच होते. 2014चा त्यांचा पहिला मोसम 6-6 असा संपला आणि 2 डिसेंबरला विद्यापीठाने खर्चाचं कारण देऊन फुटबॉलच बंद केला. खेळाडूंना खोलीत बोलावून सांगितलं गेलं, मोठमोठी मुलं ढसाढसा रडली. बहुतेक जण दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले. गावातल्या लोकांनी, माजी विद्यार्थ्यांनी पैसे उभे केले आणि जून 2015मध्ये निर्णय फिरला. पण सामने सुरू व्हायला 2017 उजाडणार होतं.

क्लार्क यांना दुसरीकडे काम मिळालं असतं, तरी ते राहिले. संघ नाही, सामने नाहीत, आणि मुलांना सांगायचं की या, दोन वर्षं नुसता सराव करू. आपल्याकडच्या तालमीत पहिलवान कुस्तीच्या दिवसासाठी वर्षभर जोर-बैठका काढतो. इथे तर मैदानाची तारीखही दोन वर्षं लांब. तरी मुलं आली. 2017मध्ये संघ 8-5, 2018मध्ये 11-3, गटविजेता, आणि विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल विजय. यात अपेक्षा आणि निकालातलं अंतर आहेच. पण त्या अंतराच्या मागे चार वर्षांचं काम उघड दिसत होतं, आणि मतदारांनी ते पाहिलं.

ज्यांचं नाव या पुरस्काराला आहे त्या एडी रॉबिन्सन यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला उत्तर पुरं करता येणार नाही. 1941मध्ये ते 22 वर्षांचे होते, बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत तासाला 25 सेंटवर राबत होते. लुइझियानातल्या ग्रँबलिंग गावच्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजात त्यांना कोचची जागा मिळाली. कोच म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेषा मारण्यापासून वर्तमानपत्राला सामन्याची बातमी लिहून देण्यापर्यंत सगळं. दक्षिणेतली हॉटेलं काळ्या मुलांना जेवायला आत घेत नसत, म्हणून प्रवासात खायला सँडविचही तेच करत. मोसमाच्या ऐन मध्यावर दोन खेळाडू भावांना वडिलांनी कापूस वेचायला घरी नेलं, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन त्यांच्या शेतावर गेले आणि कापूस वेचून देऊन मुलांना परत आणलं, अशी गोष्ट सांगतात. पहिल्या वर्षी 3-5. दुसऱ्या वर्षी 9-0, आणि त्या नऊ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण नाही.

ते 1997 पर्यंत तिथेच राहिले. एकच कॉलेज, 408 विजय. 5 ऑक्टोबर 1985ला डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यूविरुद्ध जिंकून त्यांनी ब्रायंट यांचा 323 विजयांचा विक्रम मागे टाकला. त्यांच्या हाताखालचे 200हून जास्त खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. आकड्यांपेक्षा मला एक धागा मोठा वाटतो. त्या काळी व्यावसायिक संघ काळ्या मुलांना धावायला, अडवायला घेत, पण क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं डोकं, त्यांना होऊ देत नसत. रॉबिन्सन यांनी हे बदलायचं मनावर घेतलं. त्यांचा जेम्स हॅरिस 1969मध्ये बफेलोसाठी मोसमाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्यांचाच डग विल्यम्स 31 जानेवारी 1988ला वॉशिंग्टनला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला, 42-10. रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर ग्रँबलिंगमध्ये त्यांची जागा घेतली तीही विल्यम्सनेच.

हे काम कुठल्या वर्षाच्या मतपत्रिकेवर मावलं असतं? 1969च्या? 1988च्या? पत्रकारांच्या पुरस्काराच्या वार्षिक यादीत रॉबिन्सन यांचं नाव विजेता म्हणून नाही, पुरस्काराचं नाव म्हणून आहे. त्यांच्याच नावाचा आणखी एक पुरस्कार 1987 पासून खालच्या श्रेणीच्या कोचना देतात. मुलाने नेटवर शोधलं तर दोन्हींची गल्लत होईल, म्हणून सांगून ठेवतो. तो सुरू झाला तेव्हा रॉबिन्सन स्वतः त्याच श्रेणीत कोच होते. आपल्याकडचा द्रोणाचार्य पुरस्कार या बाबतीत मला जवळचा वाटतो. रमाकांत आचरेकर सरांना तो 1990मध्ये मिळाला, तेव्हा अमुक एका मोसमात त्यांच्या संघाने किती सामने जिंकले हा प्रश्नच नव्हता. शिवाजी पार्कच्या मैदानावर उन्हातान्हात गेलेली वर्षं त्यामागे होती.

आता पुन्हा ब्लूमिंग्टन. तुमच्या मुलाला एक जुनी गोष्ट आवडेल. 2024च्या 57 वर्षं आधी याच विद्यापीठाच्या जॉन पाँट यांना असाच मान मिळाला होता. 1966मध्ये संघाने दहा सामन्यांत एकच जिंकला होता, आणि 1967मध्ये तो थेट रोझ बोलमध्ये पोचला. कोचेस आणि पत्रकार, दोघांनीही त्या वर्षी पाँट यांनाच निवडलं. पुढची बरीच वर्षं इंडियाना पुन्हा तळाशी गेला. एका मोसमाचा चमत्कार आणि घडवलेला संघ यांतला फरक त्या गावाला चांगला माहीत आहे.

आजकाल तर हा फरक ओळखणं आणखी कठीण झालंय. खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जाऊ शकतात, 2021 पासून स्वतःच्या नावावर पैसे कमवू शकतात. अर्धा संघ एका वर्षात बदलू शकतो. त्यात कोचने घडवलं किती आणि निवडून आणलं किती, हे मत देणाऱ्याने विचारायला हवं. माझ्या नजरेत निवडही कौशल्यच आहे, पण वेगळं. सिग्नेटींच्या बाबतीत मी दोन्ही पाहिली. जेम्स मॅडिसनहून आलेली मुलं मोठ्या नावाची नव्हती, आणि तरी ती बिग टेनमध्ये पाय रोवून उभी राहिली.

मुलाला सांगा, वसंतातला खुला सराव बघायची संधी मिळाली तर सोडू नको. क्वार्टरबॅककडे बघू नको, सगळे तिकडेच बघतात. ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या खेळाडूंच्या) तिसऱ्या फळीतला एखादा मुलगा निवड, जो येत्या मोसमात कदाचित एकही सामना खेळणार नाही. त्याचा पाय चुकला की त्याच्याकडे कोण जातं, काय दाखवतं, आणि पुढच्या खेपेला तोच पाय कुठे पडतो, एवढंच तासभर बघ. काय दिसलं ते त्याने मला जरूर लिहून कळवावं.